लिंबातला लाल दिवा

अकोल्याच्या बुधाजी मास्तरांनी आयुष्यभर गावोगाव एकच गोष्ट सांगितली: भूत नसते. त्यांना जाऊन आता महिना उलटला होता आणि केशरबाईची अडचण एवढीच, की नवरा शब्दाला पक्का निघाला.

घरात काही म्हणजे काही झाले नाही. भांडे पडले नाही, पाऊल वाजले नाही. शेजारच्या सुंदराबाईचा सासरा मरून जमाना झाला, तरी अजून माळ्यावर खोकतो. इकडे मात्र सगळे विज्ञानाला धरून. मास्तरांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला, पाहुणे पांगले आणि घर असे गप्प झाले की केशरबाई आपल्याच बांगड्यांना दचकू लागली.

उद्या मुलगा, स्वप्निल, तिला अमरावतीला न्यायला येणार होता. घराला कुलूप लागणार. त्याआधी एकदा, एकदाच मास्तरांनी यावे, एवढेच तिचे मागणे होते. पण बोलवायचे कसे? मंत्रतंत्र त्यांना चालले नसते.

मग तिला त्यांचा प्रयोग आठवला. खिळे टोचलेले लिंबू दिसले की गावात करणी म्हणून पळापळ होते. मास्तर नेमकी तीच लिंबे सभेत टेबलावर मांडत. प्रत्येकात एक जस्ती खिळा, एक तांब्याची तार; एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला जोडायची आणि उरलेल्या दोन टोकांत दोन पायांचा इवलासा लाल एलईडी दिवा. त्याचा लांब पाय तांब्याच्याच टोकाला हवा; उलटा जोडला तर तो लागत नाही. दिवा लागला की मास्तर विचारत, "दिसलं का भूत?" लिंबे चोळून मऊ करायचे काम केशरबाईचे. ते करून ती समोर पहिल्या रांगेत जाऊन बसे. दिव्याला हात मास्तरांचाच.

भर दुपारी तिने पडदे ओढले, लिंबे मांडली, दिवा जोडला. दिवा लागला नाही.

"घ्या," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "आता तरी सांगाले या, काय चुकलं."

आवाज आला, पण तो दारातून. सुंदराबाई विरजण मागायला आली होती, ती उंबऱ्याबाहेरच थिजली.

"कावून वं बाई, कोनावर केलं हे?"

"ह्यायच्यावर."

"मेलेल्या मानसावर?"

"जितेपणी कधी आयकलं नाई माह्यं. म्हटलं, आता पाहू."

सुंदराबाईने डोळे गच्च मिटले. "मले चहा पाज आधी. छाती धडधडून राह्यली."

केशरबाईने तिला हाताला धरून आत घेतले, दाराला कडी लावली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. लिंबांजवळ एकटे थांबायची सुंदराबाईची तयारी नव्हती.

चहा घेऊन परतल्या, तर दिवा लागला होता.

अंधारात एक लाल ठिपका, न हलणारा. खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकलेली, कोणी उठून गेल्यासारखी. केशरबाई वाकली. दिव्याचा लांब पाय आता डाव्या टोकाला होता. तिने तो उजवीकडे जोडला होता, कारण पहिल्या रांगेतून तो कायम उजवीकडेच दिसे. आज मात्र ती मास्तरांच्या जागी बसली होती, आणि तिथून सगळे उलटे. इतक्या वर्षांच्या पहिल्या रांगेची चूक कोणीतरी न बोलता दुरुस्त केली होती. वर तारेला मास्तरांच्या हातचा तो घट्ट पीळही दिला होता, जो तिला मघाशी जमला नव्हता.

"आता कसा जयला हा दिवा?" सुंदराबाई तिच्या पाठीमागून डोकावली. "कोनी लावला?"

नाव केशरबाईच्या ओठांवर आले. घेतले असते, तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वस्तीत झाले असते की मास्तर परत आले. मग त्या सभा, तो प्रश्न, तो सगळा जन्म. लोक पोट धरून हसले असते.

"मीच लावला. जाताजाता."

"मले नाई दिसलं."

"तुये डोये मिटेल होते."

सुंदराबाई विरजण न घेताच गेली. थोड्या वेळाने स्वप्निलचा फोन आला.

"आई, सामान बांधलं का?"

"नाई. मी येत नाई एवढ्यात."

"कावून? एकटी काय करशील तिथं? कोन आहे घरात?"

दिवा क्षणभर झाकोळला. उजेड आणि ती, यांच्यामध्ये जणू कोणी ऐकायला वाकले होते.

"कोनी नाई," केशरबाई म्हणाली. ठासून म्हणाली, मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.