वाहिदचं वारंवार मरण आणि लिंबाएवढी गाठ

मळवलीला एका बंगल्याची देखभाल करणारा वाहिद दोन वर्षांत एकोणीस वेळा मरणाला टेकला, आणि दर वेळी त्यानं माणसं गोळा केली.

व्हायचं असं, की बागेतला पाइप उचलायला तो वाकायचा आणि पोटात काहीतरी दाबल्यासारखं व्हायचं. मग छाती धाडधाड उडायची, डोकं ठणकायचं, तोंड पांढरंफटक पडायचं, शर्ट घामानं पिळण्याजोगा व्हायचा. वर ही भीती! आपण पाच मिनिटांचे सोबती आहोत, याबद्दल वाहिदला तीळभर शंका नसायची. अल्लाकडे जाण्याआधी माणसांची माफी मागावी हे घरचं वळण. म्हणून तो घाईघाईनं माफी मागायचा. पंधरा मिनिटांत सगळं उतरायचं. कबूल केलेलं तेवढं मागे उरायचं.

बायकोला, मेहमुदाला, त्यानं सांगितलं, की लग्नाआधी तुझा फोटो बघून मी नको म्हणालो होतो, अब्बांनीच ऐकलं नाही. पुढचे चार दिवस त्याला चहा बिनसाखरेचा मिळाला. शेजारच्या भिमाजीला सांगितलं, की तुझा आंबा वाऱ्यानं पडला नव्हता, टेम्पो मागं घेताना मीच पाडला.

एकदा भिमाजीलाच भरून आलं. वाहिदचा हात धरून तो म्हणाला, "वाहिदभाऊ, तू चाललाच हायेस तर ऐक. नऊ वर्सं तुज्या खाचरातलं पानी मीच वळवतुया."

वाहिदनं डोळे मिटून त्याला माफ केलं. मग छाती शांत झाली, घाम वाळला आणि तो उठून बसला.

"काय म्हनलास?"

"आरं, तू मरनार हुतास न्हवं?" भिमाजी म्हणाला.

दोघं दोन महिने बोलले नाहीत.

दवाखान्यात पोचेपर्यंत प्रेशर नॉर्मल असायचं. कुणी गॅस म्हणालं, कुणी टेन्शन. मेहमुदानं नजर उतरवली. एकोणिसाव्या वेळी ती चुलीपासून हललीच नाही. "भाकरी झाल्याव सांगा काय सांगायचं ते," म्हणाली. वाहिदला हे फार लागलं. आपली भीती खरी आहे हे पटवायला त्याच्याकडे मरण्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

विसाव्या वेळी तो बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांची बॅग उचलायला वाकला. पाहुण्या म्हणजे पुण्याच्या डॉक्टर अनघा, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या, आणि त्यांची आई. वाहिद पायरीवरच बसला.

"मॅडम, माफ करा. मागच्या वर्षी तुमच्या डब्यातल्या दोन पुरणपोळ्या..."

"ते नंतर," म्हणत अनघानं आईच्या पर्समधून प्रेशरचं मशीन काढलं आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला. दोनशे तीस! पंधरा मिनिटांनी एकशे वीस.

"हे टेन्शन नाही," ती म्हणाली. "मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. संकट आलं की माणसानं पळावं म्हणून ती रक्तात रस सोडते. तुमच्या त्या ग्रंथीत गाठ असावी. ती संकट नसतानाही सोडते, वाकलात की जास्तच. अशी गाठ क्वचित असते, पण तपासायला हवं."

"म्हंजे मी खरंच मरत हुतो?"

"मरू शकला असता. दर वेळी."

वाहिदला आनंदानं रडू आलं. पाहुण्यांसाठी चहा घेऊन आलेली मेहमुदा मात्र ट्रे ठेवून त्याच्याशेजारी बसली आणि तिनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी हवी होती. भरलेला पांढरा कॅन मांडीवर घेऊन वाहिद लोकलनं पुण्याला निघाला. समोरच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "काकवी का?"

"व्हय."

"घरची?"

"घरचीच," वाहिद म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

गाठ निघाली. डाव्या बाजूला, लिंबाएवढी. सर्जननं आधी दोन आठवडे गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला, भरपूर मीठ खायला सांगितलं.

"प्रेशरच्या मानसाला मीठ?" मेहमुदानं विचारलं.

"गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल होतील. त्या नीट भरलेल्या नसतील तर गाठ काढताच प्रेशर कोसळेल."

मेहमुदानं पापड-लोणच्यांची रास लावली. तिसऱ्या दिवशी भिमाजी खारातल्या कैऱ्यांची बरणी घेऊन आला, ओट्यावर ठेवली आणि गेला. संध्याकाळी वाहिदच्या खाचरात पाणी आलं.

ऑपरेशनच्या सकाळी वाहिदनं सगळ्यांना जवळ बोलावलं, पण सांगायला काही उरलंच नव्हतं. "जातो," एवढंच तो म्हणाला.

पोटाला चार भोकं पाडून, कॅमेरा घालून गाठ काढली. चिमट्याचा धक्का लागताच प्रेशर दोनशे चाळीसवर गेलं. सर्जन हात थांबवून उभे राहिले. भूल द्यायला अनघाच होती, तिनं औषधानं ते खाली आणलं. गाठीची शीर बंद केल्यावर ते उलट घसरू लागलं, तेव्हा दुसऱ्या औषधानं सावरलं. बाहेर सर्जननं बरणीतली गाठ दाखवली. भिमाजी वाकून बघत राहिला.

"येवढ्याशा लिंबानं माज्याकडनं पानी कबूल करून घेतलं?"

आठवडाभरात वाहिद घरी आला. पुढं कितीतरी दिवस तो वाकण्याआधी मेहमुदाला हाक मारायचा, ती येऊन उभी राहायची, तो वाकायचा, सरळ व्हायचा. काही व्हायचं नाही.

फेरतपासणीला सर्जननं सांगितलं, की हा आजार कधीकधी घराण्यात असतो, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. वाहिदचा थोरला भाऊ शाहबाज परंदवडीला राहायचा आणि जवळच्या कारखान्यात भट्टीवर होता. वाहिद शुक्रवारी त्याच्याकडे गेला.

"भाईजान, दरदरून घाम सुटतो का?"

"भट्टीवर काय थंडी वाजंल?"

"छाती धडधडती?"

"सायब आला की."

"कदी कुनाची माफी मागावीशी वाटली?"

शाहबाजनं खरंच विचार केला. "न्हाई बा. कशाबद्दल?"

वाहिद त्याच्याकडे काळजीनं बघत राहिला. मग त्यानं खुंटीवरची नमाजची टोपी काढून भावाच्या हातात दिली, "चला, आदी मशिदीत, मंग तपासायला," म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.