काटेमामांची शिट्टी

दाढीवाले ड्रायव्हर ट्रक काट्यावर उभा करून खाली उतरले आणि सरळ केबिनच्या खिडकीशी आले.

"आकडा बघू द्या जरा," म्हणाले.

काटेमामांनी चष्मा कपाळावर सरकवला. दाढीवाले कित्येक वर्षं या कारखान्यात भंगार आणत होते. वजन होईपर्यंत ते स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढायचे, मग हात बाहेर काढून पावती घ्यायचे आणि न बघताच खिशात कोंबायचे. आज त्यांनी मान वाकडी करून पडद्यावरचा आकडा पाहिला, पावतीवरचा पाहिला, पुन्हा पडद्यावरचा पाहिला. दोन्ही सारखेच होते. तरी जाताना त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मामांना काय ते कळलं. कालची शिट्टी आज काट्यापर्यंत पोचली होती.

मामा नोकरीने वजनकाट्यावरचे कारकून आणि हौसेने रेफरी. कारखान्यात दरवर्षी यार्ड विरुद्ध मशीन शॉप असा फुटबॉलचा सामना व्हायचा आणि शिट्टी मामांच्याच गळ्यात असायची. काट्यावरचा माणूस म्हणजे तोलूनच देणार, असा सगळ्यांचा हिशेब. काल मशीन शॉप एका गोलने पुढे होतं. सामना संपता संपता यार्डला पेनल्टी मिळाली. ती मामांनीच दिली होती, पण दुसऱ्या दिवशी तेवढं नेमकं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पेनल्टी मारायला आला डावऱ्या, फोर्कलिफ्ट चालवणारा. धावत आला, ऐन मारताना त्याचा उजवा पाय घसरला, तो पाठीवर आपटला आणि चेंडू मात्र जाळीत गेला. यार्डवाले नाचायला लागले. मामांनी शिट्टी मारली आणि हात हलवला: गोल नाही. डाव्या पायाने मारलेला चेंडू त्याच्याच उजव्या पायाला लागून गेला होता, आणि पेनल्टी मारणाऱ्याला चेंडूला दोनदा शिवता येत नाही. मामांनी मशीन शॉपला फ्री किक दिली. मिनिटभरात सामना संपला. ढाल मशीन शॉपकडे गेली.

चेंडूला दोन पाय लागलेले एकट्या मामांनी पाहिले. बाकी सगळे चेंडू कुठे जातो ते बघत होते. आणि मशीन शॉपचा गोलकीपर होता लेथवाला, ज्याचं मामांच्या मुलीशी लग्न ठरत आलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं एखादा म्हणाला असता. लोक म्हणाले, कावळ्याला बोलावलं कोणी?

मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. सामन्याआधी मामांनी लेथवाल्याशी हात मिळवला होता म्हणे. तो त्यांनी बावीसही जणांशी मिळवला होता, पण ते कोण सांगणार? मध्यंतरात मामा मशीन शॉपच्या बाजूला पाणी प्यायले. पाण्याचा नळ तिथेच होता. स्टोअरकीपर यार्डच्या संघाचा कप्तान. त्याने वजन झालेली एक गाडी "सहजच" पुन्हा काट्यावर पाठवली. मैदानात लबाडी करणारा माणूस वजनात काटा मारत नसेल कशावरून? मामांनी गाडी पुन्हा तोलून दिली.

घरी तरी बरं असेल म्हणावं, तर मुलगी तोंड फुगवून बसली होती. लेथवाल्याला शॉपमध्ये सगळे "सासऱ्याच्या जिवावरचा गोलकीपर" म्हणून चिडवत होते. काही दिवस तुमच्याकडे येत नाही, असं त्याने तिला सांगितलं होतं. बायकोने मामांना वाढलं, समोर बसली आणि हळूच म्हणाली, "मला तरी खरं सांगा. पाय लागला होता ना?"

"लागला होता."

"बरं," ती म्हणाली. पण भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. मामांना फार लागलं ते. यार्डचं सोडा, पण हिनेसुद्धा?

संशय मोठा वाईट. दोन दिवसांत तो खुद्द मामांनाच लागला. आपण खरंच पाहिलं, की आपल्याला तसं बघायचंच होतं? गाडी नसताना त्यांनी काटा तपासायची मोठी वजनं लोडरकडून काट्यावर ठेवून घेतली. काटा बरोबर होता. डोळे तपासायला तशी वजनं कुठून आणायची? डावऱ्याची फोर्कलिफ्ट दिवसातून दहादा केबिनवरून जायची, पण तो कधी मान वळवून बघत नव्हता. याला माहीत आहे, असं मामांना वाटायचं. मग वाटायचं, आता मीपण लोकांसारखाच झालो.

शेवटी त्यांनी वस्तादांना फोन लावला. मामांना शिट्टी धरायला शिकवली ती वस्तादांनी, आता ते घरीच असायचे. निदान नियम तरी आपल्या बाजूने आहे, एवढं मामांना कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुन्हा मारायला दिलीस ना?"

"पुन्हा कशी? फ्री किक दिली."

"अरे, नियम बदलला तो. मारणारा घसरला, चुकून दुसरा पाय लागला आणि चेंडू आत गेला, तर पेनल्टी पुन्हा मारायची. तू कुठल्या जमान्यात आहेस?"

लोक ज्याबद्दल बोंबलत होते तिथे मामा खरे होते, आणि जिथे चुकले होते तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. वस्ताद म्हणाले, कोणाला पत्ता नाही ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस.

मामांनी बायकोला सांगितलं. तिने त्यांचं ताट वाढलं. मग म्हणाली, "आता उघड केलंत तर म्हणतील, बघा, शेवटी कबूल केलंच."

"म्हणू दे. त्या पोराचा हक्क गेला माझ्यामुळे."

"पाय लागला होता, हे मात्र आता मला पटलं," ती म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस असा आपणहून चुकीत पाय घालत नाही." मामांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये उभे राहिले. शिट्टी खिशात होती, ती हातात धरली. चेंडूला दोन पाय लागले हे मी पाहिलं, ते म्हणाले, पण त्यानंतर मी दिलं ते चूक होतं, नियम मला माहीत नव्हता, पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती. मशीन शॉपवाले कुरकुरले. स्टोअरकीपर हसला.

"चुकलात ते कबूल, ठीक. पण दोन पाय लागले म्हणता, ते तुमच्याशिवाय पाहिलं कोणी?"

मामा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले. एवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून डावऱ्या उठला. त्याची मान खालीच होती.

"लागला होता," तो म्हणाला. "माझाच पाय, मला कळणार नाही?"

मग सगळेच मैदानाकडे निघाले, हात धुवायलाही कोणी थांबलं नाही. डावऱ्याच्या पायात कामाचेच जाड बूट होते. लेथवाला गोलमध्ये उभा राहिला. मामा त्याच्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक पाय रेषेवर पाहिजे. आधीच पुढे आलास आणि अडवलंस, तर पुन्हा मारायला देईन. मग तू कोणीही अस." लेथवाल्याने मान हलवली.

शिट्टी झाली. डावऱ्याने या वेळी सावकाश येऊन मारली. लेथवाल्याने कडक जमिनीवर पूर्ण अंग टाकलं, बोटं चेंडूला लागलीही, पण चेंडू आत गेला. उठला तेव्हा त्याचं कोपर सोलवटून निघालं होतं. मामांनी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल. सामना बरोबरीत. ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असं ठरलं.

तरी परतताना मागून कोणीतरी म्हणालंच, जावयाला चेंडू सोडायला सांगितलं असेल. संशयाला औषध नाही. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. स्टोअरकीपरजवळ गेले आणि शिट्टी त्याच्या हातावर ठेवली. "पुढच्या वर्षी दुसरा बघा," म्हणाले. "नियम माहीत असलेला." स्टोअरकीपर नको म्हणेल, असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. त्याने ती घेतली.

संध्याकाळी लेथवाला मामांच्या घरी आला. मुलीने त्याच्या कोपराला मलम लावलं आणि जोरात दाबल्याबद्दल तो तिच्यावर ओरडला. मामांना बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दाढीवाल्यांचा ट्रक आला. मामांनी त्याआधीच टेबल फिरवून पडदा खिडकीकडे केला होता. ज्याला बघायचं त्याने बघावं. ट्रक काट्यावर चढला. मामा दाढीवाल्यांच्या उतरण्याची वाट बघत थांबले. दार उघडलं नाही. वर बघितलं तर दाढीवाले स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते. वजन झालं, मामांनी काचेवर टकटक केली. दाढीवाल्यांनी डोळे न उघडताच हात बाहेर काढला, पावती घेतली आणि खिशात कोंबली.