जिन्यावर बसलेला जीव

फोन आला तेव्हा तामलाच्या शेगडीवर बांबूच्या कोंबांचं कालवण रटरटत होतं, आणि गंमत म्हणजे ते त्या दिवशी करायचंच नव्हतं. आई यायची होती शुक्रवारी आणि हा होता बुधवार. पण तामलाला धीर कुठला. म्हणाली, एकदा करून बघते, बारा वर्षांत हाताला आईची चव राहिलीय की गेली ते तरी कळेल. इकडे नियमच आहे तसा, कागदावर छापलेला: निर्वासितांच्या छावणीतनं माणूस आलं की पहिल्या दिवशी त्याच्या टेबलावर त्याच्याच चवीचं गरम जेवण हवं. वरच्या मजल्यावरचं घर तयार होतं, पिवळे पडदे, पलंगावर तीन गोधड्या, दाराशी जांभळे बर्फाचे बूट. फक्त जेवण तेवढं राहिलं होतं.

फोन छावणीतल्या माणसांना इकडे वसवणाऱ्या संस्थेतल्या मुलीचा.

"तामला, विमान रद्द झालंय."

"मग आता कधीचं?"

"कधीचंच नाही. नव्या अध्यक्षांनी निर्वासितांना बंदी घालणाऱ्या कागदावर सही केली ना परवा. सगळ्यांचीच रद्द झालीत. ज्यांच्या हातात तिकीट होतं त्यांचीसुद्धा."

तामला हो म्हणाली, बरं म्हणाली, थँक्यूसुद्धा म्हणाली, आणि मग पळी घेऊन कालवण ढवळत बसली. ढवळतच बसली. संध्याकाळी तिचा नवरा थॉला दह्याच्या कारखान्यातनं आला, तेव्हा पातेल्यात तळाला लागलेला लगदा होता आणि घरभर जळका वास, आणि ही अजून ढवळतेय. त्यानं हळूच शेगडी बंद केली.

आता ऐका, खरी गोष्ट पुढेच आहे. कारण तामलानं एक चूक करून ठेवली होती.

तामला युद्धातनं पळालेल्या कारेन जमातीतली, आणि कारेन माणसाला एक जीव नसतो, सदतीस असतात. क्ला म्हणतात त्याला. माणूस दचकला, दूर गेला, आजारी पडला, की त्यातले काही वाटेत कुठेतरी रेंगाळतात, आणि मग त्यांना हाक मारून परत बोलवावं लागतं. भाताचा मुटका, केळं, ऊस, फूल, पाणी ठेवायचं, पळीनं जिना ठोकायचा, हाका मारायच्या, आणि जीव आला की मनगटाला पांढरा दोरा बांधून त्याला तिथंच थांबवायचं. तामला या परक्या देशात, युटिका गावात पहिल्यांदा आली ना, तेव्हा तिला कुणी हाक मारली नव्हती. वर्षभर तिला ताप यायचा नि जायचा, बसमध्ये बसली की कुठे उतरायचं तेच विसरायची. जीव मागे नदीकाठी आणि अंग इथे बर्फात. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून ज्या रविवारी तिकीट आलं, त्याच रविवारी तिनं आईच्या जीवाला हाक मारली. आईचा एक जुना सदरा होता तिच्याकडे, लाल, हातमागाचा. तो खुर्चीवर पसरला, जिना ठोकला, "प्रूऽऽ क्ला, ये, घरी ये, वर ये," आणि सदऱ्याच्या बाहीला दोरा बांधला. पू तिथंच बसला होता. पू म्हणजे आजोबा. हा काही तिचा सख्खा नव्हे, गल्लीतल्या सगळ्या कारेन पोरांचा तो पू.

"पाय आधी, जीव मागनं," तो म्हणाला होता. "माणूस उंबऱ्यात उभं राहू दे, मग हाक मार. एवढी कसली घाई आहे?"

"तिकीट आलंय, पू. छापील आहे."

"छापील," पू म्हणाला, आणि उसाचा तुकडा चघळायला लागला.

थॉला बाप्तिस्त, म्हणजे ख्रिस्ती. तो असल्या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणतो. पण दोरे बांधायला लागले की सगळ्यात आधी मनगट याचंच पुढे.

तर विमान रद्द झालं त्याला आठवडा झाला असेल, आईचा फोन आला. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. पडद्यावर आई दिसली, गोधडीत गुंडाळलेली. छावणीत त्या दिवशी इतकं उकडत होतं की मागे शेजारीण पुठ्ठ्यानं वारा घेत होती.

"मो, गोधडी कशाला घेतलीस?" मो म्हणजे आई.

"पाय गार पडलेत गं. दिवसभर झोपच येते. आणि झोपले की मी तुझ्या जिन्यावर असते. तुझ्या पाचव्या पायरीला काहीतरी झालंय, बाई. पाय ठेवला की कण्हते."

तामलानं फोन जवळ धरला. तिनं आईला व्हिडिओवर पडदे दाखवले होते, पलंग दाखवला होता. जिना नव्हता दाखवला.

"भिंतीत एक पेटी आहे," आई डोळे मिटून सांगत होती, "ती मधेच गुरगुरते नि गरम होते. तिच्याजवळ बसावंसं वाटतं. पण दार बंद असतं. मग मी पायरीवरच बसते. सगळं पांढरं आहे बाहेर. कापूस पिंजून ठेवल्यासारखं."

"जेवलीस का?"

"काय?"

"भात खाल्लास का, मो?"

"हो, खाईन," आई म्हणाली, आणि बोलता बोलताच झोपली.

त्या दिवसापासनं तामला चोरून वर जायला लागली. कामावर जायच्या आधी, कामावरनं आल्यावर. दार उघडं ठेवायची, हीटर लावायची, आणि पाचव्या पायरीवर, एका कडेला, बाजूला जागा सोडून बसायची. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा, आवाज नाही काही नाही, आणि तिला वाटायचं की शेजारी कुणीतरी आहे, सुकवलेल्या मासळीचा आणि धुराचा वास येतोय. खरं सांगू, तिला सुख वाटायचं. अध्यक्षानं सही केली, दरवाजे लावून घेतले, आणि तरी आई आलीच की. अर्धी का होईना.

मधल्या काळात लोरेट्टा खासदाराला फोन करत सुटली होती. लोरेट्टा म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, शाळेच्या कँटीनमधनं रिटायर झालेली. वरचं घर तिनंच मंडळी जमवून सजवलेलं, बूटही तिनंच आणलेले. आईनं कोळशानं पुठ्ठ्यावर पाऊल आखून फोटो पाठवला होता, पण फोटोवरनं पाऊल केवढं ते कळणार कसं? बूट दोन नंबर मोठे आले. लोरेट्टाला ते लागूनच राहिलेलं. येता जाता म्हणायची, "पावती आहे माझ्याकडे, बदलून आणते."

एका दुपारी ती ट्रेभर पास्ता घेऊन आली, तिचा तो तिखट मिरच्यांचा, आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"आज परत केला फोन खासदाराच्या ऑफिसात. रेकॉर्डिंग लागतं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे म्हणे. मत म्हटलं आणि मी फोनच ठेवला."

तामलानं ट्रेवरचं झाकण काढलं.

"मी त्या नव्या अध्यक्षालाच दिलं होतं, तामला. माझं मत." लोरेट्टा पास्त्याकडे बघत बोलत होती. "मला वाटलं तो सीमेवरनं घुसणाऱ्यांचं बोलतोय. तुझ्या आईचं नाही. ती तर रांगेत होती ना, सतरा वर्षं."

"तो नाव घेऊन थोडाच बोलणार होता," तामला म्हणाली. "घुसणारे वेगळे, रांगेतली आई वेगळी, असं."

"तुला मला हाकलून द्यावंसं वाटत असेल."

"वाटतंय. पण तू वरचे पडदे शिवलेस." तामलानं दोन ताटल्या काढल्या. "कोट काढ आधी. घामानं निथळतेयस."

दोघी जेवल्या. मिरची जास्त झाली होती, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघींनी ते मिरचीवरच ढकललं.

तिसऱ्या आठवड्यात छावणीतली शेजारीण बोलली. आई दोन दिवस जेवली नाही. नर्सनं रक्त तपासलं, काहीच सापडलं नाही. नुसती हसते आणि म्हणते, बर्फ वाजत नाही गं, तुला माहितेय का.

तामला धावत पूकडे गेली. तो हीटरपाशी पाय शेकत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "तुला माहितेय काय झालंय ते. मला कशाला विचारतेस?"

"तू सांग."

"जीव इथे, अंग तिथे. अशी माणसं नाही टिकत, पोरी. परत पाठव त्याला."

"नाही."

"मग कशाला आलीस?"

"पू, मी परत पाठवला तर मी मान्य केलं असं होईल. की ती येत नाही. त्यानं एक सही केली, आणि खाली दुसरी मी करायची? मी इथली नागरिक आहे. हात वर करून शपथ घेतलीय. कागद भरले, पुन्हा भरले, आईची बोटं चार वेळा शाईत बुडवली. आणि आता माझ्याच तोंडानं तिला म्हणू, जा म्हणून?"

पूनं हीटरपासनं पाय मागे घेतले.

"त्याच्या सहीवर रागाव. मीही रागावतो, रोज सकाळी, चहाच्या आधी," तो म्हणाला. "पण तुझी आई काही तुझा मोर्चा नाही. तिला उपाशी बसवून तू कुणाला हरवणार आहेस?"

तामला उठली, बाहेर पडली, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या पापण्यांवर बर्फ साचला होता. पाचव्या पायरीवर जाऊन बसली. बाजूला जागा सोडून. तो वास होता. ती ऊब होती. आणि तिला कळलं की ती आईला भेटत नव्हती, आईला हळूहळू संपवत होती, रोज थोडी थोडी, या पायरीवर बसून.

मंगळवारी दुपारी त्यांनी ते केलं. पू आला, थॉलानं सुट्टी टाकली, लोरेट्टाला कुणी बोलावलं नव्हतं पण तीही आली, दाराशी उभी राहिली. भाताचा मुटका, चिकट भाताचे तिकोनी पुडे, केळं. ऊस डब्यातला.

"डब्यातला ऊस जीवाला ओळखू येईल का?" थॉला म्हणाला.

"तू बाप्तिस्त ना? गप बस," पू म्हणाला.

फूल मिळेना, तर लोरेट्टा पळत घरी गेली आणि खिडकीतल्या कुंडीतला एक लाल तुरा तोडून घेऊन आली. तामलानं सदऱ्याच्या बाहीची गाठ सोडायला घेतली. कापायची नसते ती. गाठ घट्ट बसलेली, तिनंच बांधलेली.

"थांब," पू म्हणाला. "ती अनवाणी आलीय. उकाड्यातनं उठून आलेली. एवढ्या बर्फातनं जाणार कशी?"

मग लोरेट्टानंच वरून जांभळे बूट आणले आणि खालच्या पायरीवर ठेवले, टोकं रस्त्याकडे करून.

जीवाला बोलावताना खालून वर ठोकतात. तामला वरून खाली ठोकत आली, प्रत्येक पायरीवर पळीचा एक ठोका, आणि आवाज काही फुटेना. पाचव्या पायरीवर पाय दिला, ती कण्हली, आणि तामलाला रडू फुटलं आणि आवाजही फुटला.

"प्रूऽऽ क्ला, जा. मो, जा गं. नदी ओलांड, डोंगर ओलांड, तुझ्या बांबूच्या घरी जा. भात खा. इथे तुला जागा आहे, ती कुठे जात नाही. आत्ता जा."

दार उघडलं. थंडी आत आली, घरभर फिरली. बाहेर सगळं पांढरं, स्वच्छ, आणि कुणाच्या पावलाचा ठसा नाही. किती वेळ ते तसेच उभे राहिले कोण जाणे. शेवटी थॉला म्हणाला, "हीटर जळतोय नुसता," आणि दार लावलं.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पडद्यावर आई, गोधडी नाही, हातात ताटली, तोंडात घास.

"मिरची-मासळीची चटणी केलीय शेजारणीनं. खारट केलीय मेलीनं. पण दोनदा भात घेतला."

"पाय?"

"पायांना काय धाड भरलीय? गरम आहेत." आईनं घास गिळला. मग ताटली खाली ठेवली. "तुझा जिना नाही दिसला रात्री. गाढ झोपले. काहीच नाही दिसलं."

तामलानं फोन दुसऱ्या हातात घेतला. "बरं झालं."

"हो. बरंच झालं." आई जवळ सरकली, अगदी पडद्याला नाक लावून, आणि कुजबुजली, "छत्तीस आलेत. मी मोजले सकाळी."

"मो."

"एक राहिलाय तिथंच. त्यानं ते बूट घातले वाटतं. आता ढगळ बुटांत चालणार कसा, तूच सांग? दोन पावलं टाकतोय नि आपटतोय. राहू दे त्याला. एकानं काही माझं अडत नाही. पुढेमागे दार उघडलं त्यांनी तर घर ओळखीचं असायला नको?"

फोन ठेवला आणि तामला जिन्यात आली. बूट खालच्या पायरीवर होते तसेच. तिनं ते उचलले, वर नेले, भिंतीतल्या पेटीजवळ ठेवले, टोकं आत करून. तेवढ्यात खालून लोरेट्टाची हाक आली. ती बाजारात निघाली होती, गाडी चालूच होती.

"तामला, पावतीची मुदत उद्या संपतेय. बूट दे, लहान नंबराचे घेऊन येते."

"नको," तामला वरूनच म्हणाली. "ढगळच राहू दे."