दहा मिनिटांचं रक्त

शिवगंगा देगलूर आगारात कंडक्टर होती. नांदेडचा रस्ता तिला थांब्यागणिक पाठ. पण धाकट्या बहिणीला जाऊन वर्ष झालं तेव्हा तिनं पाच दिवसांची रजा टाकली आणि त्याच रस्त्यानं पायी निघाली. सोबत वडील माणिकप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, आणि आगारातल्या सात-आठ बाया. वाटेतल्या मोठ्या गावांत रक्तदानाची शिबिरं ठरवलेली. लोकांकडं मागणं एकच, रक्त द्या, न्हाईतर निदान गट तपासून नाव-नंबर लिहून ठेवा.

धाकटी मंजुश्री बाळंतपणात गेली होती. नांदेडच्या दवाखान्यात मुलगी सुखरूप झाली, पण रक्तस्राव थांबेना. रक्तगट 'बी निगेटिव्ह'. कुठंच शिल्लक मिळेना. शिवगंगाचा जुळला नाही, अप्पांचा जुळला नाही. जुळत होता नवऱ्याचा. महांतेशच्या लायसन्सवरच तो छापलेला होता. त्याची आई गौरम्मा आडवी आली, "एकुलता एक लेक हाय माझा. त्याला काय झालं म्हंजे?" महांतेश "दुसरा माणूस बघून येतो" म्हणून जिना उतरला आणि फोन बंद करून बसला. सकाळी दहाला गेलेला चार वाजता आला. मंजुश्री तीनला गेली होती.

सोयरिकीत बोभाटा नको म्हणून अप्पांनी सगळ्यांना गप्प केलं. तान्ही नात ते आपल्या घरी घेऊन आले. शिवगंगा वर्षभर दात आवळून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नरसीला शाळेच्या वर्गात शिबिर सुरू झालं. नर्स पंचशीला खाटेवर चादर अंथरत होती, तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. महांतेश उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, मागं चार मित्र. मित्रांनी गाडीच्या टपावरून बॅनर काढून फाटकाला बांधायला घेतलं. त्यावर हात जोडलेला महांतेश माणसाएवढा. मंजुश्री कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. खाली 'पत्नीच्या स्मरणार्थ महांतेश यांची रक्तदान पदयात्रा'. नगरपरिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, हे देगलुरात सगळ्यांना माहीत होतं.

"शरणार्थी अक्का," नमस्काराला हात जोडत तो म्हणाला. "इथून पुढं मी बी चालतो. सगळ्यांच्या म्होरं राहतो, लोकांना बरं वाटंल."

शिवगंगानं एकदा बॅनरकडं बघितलं.

"चालायचं नंतर बघू. आधी आत या, महांतेशराव. रक्त द्या."

"आज सकाळपासून काय खाल्लं न्हाई मी."

"पंचशीलाताई, केळं द्या यांना. अर्धा घंटा थांबते मी."

"अक्का, लोक बघून राहिलेत."

"हाव. म्हणूनच म्हणून राहिले."

वर्गाच्या दारात माणसं गोळा झाली होती. मित्रांपैकी एकजण म्हणाला, "दे की गड्या, त्यात काय." महांतेशनं केळं खाल्लं. बीपी बघितलं, बोट टोचून तपासलं. सगळं ठीक होतं. तो खाटेवर पडला आणि सुई टोचताना डोळे मिटून घेतले. शिवगंगा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. पिशवी भरली. पंचशीलानं कापूस लावला, हात दुमडून दिला, चहा-बिस्कीट समोर ठेवलं. सगळी मिळून दहा मिनिटं.

महांतेश उठून बसला. चहाचा घोट घेऊन हसला.

"काहीच वाटलं न्हाई की अक्का!"

शिवगंगानं त्याच्या हातातला कप हिसकावून जमिनीवर आपटला.

"काहीच वाटलं न्हाई? दहा मिनिटं लागली तुला! दहा! तुझी बायको पाच घंटे पांढरी पडत चालली होती आन दाराकडं बघत होती. म्हणत होती, अक्का, ते आणायला गेलेत ना? हाव म्हणाले मी. खोटं बोलले मी तिच्याशी, तुझ्यापायी!"

तिनं आतापर्यंत त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. महांतेश आजूबाजूला बघायला लागला. मित्रांनी माना खाली घातल्या होत्या.

अप्पा पुढं आले. "झालं ना पोरी. आता दिलं की त्यानं. सोड."

"तुमी तर बोलूच नका, अप्पा. तुमची सोयरीक सांभाळली मी वर्षभर. लेक तुमची होती."

शिवगंगा बाहेर गेली, बॅनरच्या दोऱ्या सोडल्या, गुंडाळी केली आणि गाडीच्या खिडकीतून आत फेकली. "चालायचं असंल तर दुसऱ्या रस्त्यानं चाला. या रस्त्यावर माझ्या बहिणीचं नाव घेऊ नका." गाडी देगलूरकडं वळली.

पुढचे दोन दिवस ती अप्पांशी बोलली नाही. रागानं तिची चाल इतकी वाढली की सोबतच्या बाया मागं पडत. टाचेला फोड आले, फुटले, तरी ती थांबेना.

नांदेडला शेवटच्या शिबिरात तिच्या हातात माईक दिला. रक्तदानाचं महत्त्व सांगायचं ठरलं होतं. तिनं ते सांगितलंच नाही. त्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते घड्याळाच्या वेळांसकट सांगितलं आणि मंजुश्रीच्या नवऱ्याचं नाव घेतलं. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. उठून जातील असं तिला वाटलं. ते बसून राहिले, उपरण्यानं तोंड पुसत.

ती खाली उतरली. गर्दीतून एक बाई वाट काढत आली. पोटुशी, दिवस भरत आलेले. तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "यांचा गट कोणता हाय ते आत्ताच बघून द्या."