वारेत लपलेला ताप

'मलेरिया नाही' असा शेरा असलेली चिठ्ठी मारुतरावांनी खिशात घातली आणि सुनेची पिशवी उचलली.

"चल अनुपमा. साधा ताप हाय."

"गुरुजी, थांबा." दारात अपेक्षा उभी होती. वीस वर्षांपूर्वी चौथीत त्यांच्याच वर्गात असलेली ही मुलगी आता दौंडच्या या दवाखान्यात रक्त तपासायची. "किटवर काही आलं न्हाई, पण रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची राहिलीय. वहिनींना कितवा महिना?"

"सातवा. पहिलटकरीण हाय."

"आन् माहेर?"

"गडचिरोलीकडं. गेल्या महिन्यात भावाच्या लग्नाला जाऊन आली. पण तू भ्या घालू नको. लहानपणी चार-पाचदा हिवतापातून उठलीय ती. अंगाला सवय हाय."

"आमच्याकडे त्याला कुणी भीतच नाही," अनुपमा हसली. पण पोटावरचा हात तिनं काढला नाही.

"एकदा ओळख झालेला रोग अंग पुन्हा आत घेत न्हाई," मारुतराव म्हणाले. "गोवराचा धडा इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले. पण मलेरिया गोवरासारखा न्हाई, गुरुजी." अपेक्षा अनुपमाकडं वळली. "वहिनी, बाळाला तुमच्यातनं खाऊ पोचवते ती वार. लहानपणी वार नव्हतीच. मग तिथं चिकटणारे जंतू तुमच्या अंगानं कवा बघितलेच न्हाईत. ते तिथंच दडून बसतात, बोटातल्या रक्तात एखाददुसराच सापडतो. पुढच्या खेपेला अंग त्यांना ओळखतं. पहिल्या खेपेला बाळाचं पोषण तुटतं."

मारुतरावांनी पिशवी खाली ठेवली.

"किती वेळ लागंल?"

"सगळी काच बघून हुईपर्यंत."

तासाभरानं अपेक्षा बाहेर आली ती थेट डॉक्टरीणबाईंकडं गेली. अख्ख्या काचेवर तीन जंतू सापडले होते. डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून तिच्यामागं निघाल्या, तेव्हा मारुतराव बाकावरच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "माझ्या वर्गातली हाय."

दुपारी अनुपमा खाटेवर होती. औषध सुरू झालं होतं. यंत्रातून बाळाचे ठोके सगळ्या खोलीला ऐकू येत होते.

मारुतराव प्रयोगशाळेत आले. "म्हंजी मी चुकीचंच शिकवलं."

"चुकीचं न्हाई, अर्धं." अपेक्षा हसली. "चौथीला तेवढंच पुरतं." तिनं आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं. "बघा."

चष्मा काढून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. फिकट जांभळे ठिपके एकमेकांत मिसळत होते.

"अंगठीसारखं दिसतंय का? त्योच जंतू."

बाहेर रांग वाढत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पोरांनी असे कितीतरी होकार त्यांना दिले होते, आणि त्यातला एकही त्यांना फसवू शकला नव्हता.

त्यांनी मान वर केली. उभे राहिले. हाताची घडी घातली.

"न्हाई दिसलं, बाई. पुन्हा सांगा."