जास्तीची डिस्क

शनिवारी सकाळी धाकटा ताईच्या घरी आला तो शीळ घालतच. काम दहा मिनिटांचं होतं. कोठीच्या खोलीतल्या काळ्या डब्यातून ताईचा आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचा, चहा प्यायचा, घरी जायचं. सोमवारी तो पेन ड्राइव्ह हॉस्पिटलात द्यायचा होता.

धाकटा म्हणजे भावंडांत शेवटचा. वय त्रेचाळीस, अर्धं टक्कल पडलेलं, तरी या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. पोटासाठी तो एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि हौसेपोटी नातेवाइकांचे. ताईच्या घरचा काळा डबा ही त्याची सगळ्यात लाडकी कारागिरी. छापखान्याने मोडीत काढलेलं मशीन, त्यात फुकटची लिनक्स प्रणाली, आणि तीन नव्या डिस्क अशा बांधलेल्या, की कुठलीही एक मेली तरी उरलेल्या दोघी मिळून तिचं सगळं सांगू शकतील. दोघी मेल्या तर मात्र तिसरीला एकटीला काहीच सांगता येणार नाही. हे दुसरं वाक्य धाकटा कुणाला सांगत बसत नसे.

ताईने वीस वर्षं टॅक्सी कंपनीत फोनवर बसून गाड्या सोडल्या. दोनशे ड्रायव्हर तिला चेहऱ्याने ओळखत नव्हते, पण तिने नुसतं "बोला" म्हटलं की सरळ बसायचे. तिच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हॉस्पिटलातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी ताईने पुष्कळ वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे त्यांवरून असा प्रोग्राम तयार करता येईल, की ताई टाइप करेल आणि तो तिच्याच आवाजात बोलेल. कोठीच्या भिंतींना रजया टांगून ताई अकरा दिवस बोलत होती. एकूण सोळाशे चौदा वाक्यं झाली. दीड हजार बाईंच्या यादीतली, उरलेली तिच्या मनची. रेकॉर्डर हॉस्पिटलचा होता, पुसून परत करायचा होता. धाकट्याने वाक्यं डब्यात भरली, रेकॉर्डर पुसला आणि छाती फुगवून म्हणाला, "आता निर्धास्त राहा. एक डिस्क जास्तीची आहे."

याला सात महिने झाले होते. बाईंचं प्रोग्राम बनवायचं काम आता कुठे सुरू व्हायच्या बेताला आलं होतं, आणि जगात ताईचा आवाज त्या डब्याशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हता.

धाकट्याने डब्याला आपला लॅपटॉप जोडला आणि सवयीने डिस्कची तब्येत विचारली. तिन्ही धडधाकट असल्या की पडद्यावर तीन यू उमटतात. त्याला दोन यू दिसले आणि शेवटी एक आडवी रेघ. त्याची शीळ बंद झाली. त्याने झाकणाचे स्क्रू काढले. तिसऱ्या डिस्कच्या जागी रिकामी खाच होती, आणि तिची वायर गुंडाळून, रबर लावून नीट बाजूला ठेवलेली होती. डिस्क मरते हे त्याला माहीत होतं. चालत निघून जाते हे त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

"भाऊजी! डब्याला कोणी हात लावला?"

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. बोलणं तोलूनमापून, दिवसाला चार वाक्यं. "मी लावला," ते दारात येऊन म्हणाले. "एक डिस्क काढली. मशीन नीट बंद करून काढली."

"काढली? कशासाठी?"

"तूच म्हणाला होतास, जास्तीची आहे. नाहीतरी चाललंय की मशीन."

धाकट्याचं डोकं फिरलं. "अहो, जास्तीची म्हणजे फालतू नव्हे! तुम्ही लिफ्टवाले ना? लिफ्टला पाच दोर असतात, एकावरसुद्धा ती लटकते. मग उरलेले चार काढून आणले असतेत का घरी, कपडे वाळत घालायला?"

"दोर मी दर महिन्याला मोजतो," भाऊजी शांतपणे म्हणाले. "पाचही. हात लावून. तू या डब्याकडे शेवटचा कधी आला होतास?"

अंगाशी आलं की माणूस जे करतो तेच धाकट्याने केलं. म्हणाला, "कितीला विकलीत?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. भाऊजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, पायात चपला सरकवल्या, किल्ल्या उचलल्या आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेले. दार आपटलं असतं तर धाकट्याला जरा बरं वाटलं असतं.

ताई सोफ्यावरून सगळं बघत होती. गळ्यापाशी जाळीचा रुमाल, मांडीवर लिहायची पांढरी पाटी. तिने लिहिलं, "ते चोर आहेत का?" आणि पाटी धाकट्याच्या नाकासमोर धरली, तो मान खाली घालेपर्यंत.

तो पुन्हा कोठीत जाऊन बसला. एक डिस्क गेली तर मशीनने लगेच मेल पाठवायला हवी होती. मग मला एकही का आली नाही? त्याने शोधलं. मशीनने मेल पाठवली होती. एक नव्हे, एकशे त्रेसष्ट. रोज सकाळी एक, न चुकता. "एक डिस्क दिसत नाही, लक्ष घाला." पत्त्याच्या जागी स्वतःची मेल टाकायचं काम धाकट्याने 'नंतर करू' म्हणून ठेवलं होतं, म्हणून बिचारं मशीन साडेपाच महिने स्वतःलाच पत्रं लिहीत बसलं होतं. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपोआप तपासायचं कामही त्यानेच बंद केलं होतं. त्या घरघरीने ताईची दुपारची झोप मोडते म्हणून. भाऊजींवर तोंड टाकताना यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आधी तो आवाज पेन ड्राइव्हवर घेतला असता. दोन डिस्क अजून बोलत होत्या, दहा मिनिटांचं काम होतं. पण धाकट्याला लाज वाटत होती, आणि लाजेला घाई फार असते. भाऊजी परत यायच्या आत पडद्यावर तीन यू दिसले पाहिजेत, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. बॅगेत छापखान्याची एक कोरी डिस्क होती. ती त्याने रिकाम्या खाचेत बसवली आणि मशीनला सांगितलं, भर हिला.

भरायला पाच तास लागणार होते. तो स्टुलावर बसून आकडा बघत राहिला. दहा टक्के. बावीस. पस्तीस. ताईने त्याच्यासमोर जेवणाचं ताट आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

अडतीस टक्क्यांवर डब्यातून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. कोणी आत बसून नखाने पत्रा वाजवावा तसा. आकडा थांबला. पडद्यावर लाल ओळी धावू लागल्या, आणि जुन्या दोन डिस्कपैकी दुसरीच्या यू-च्या जागी रेघ आली.

ही डिस्क कधीपासून आतून किडत होती कोण जाणे. तिला कोणी तपासलं नव्हतं, आणि आज साडेपाच महिन्यांनी पहिल्यांदाच इथून तिथपर्यंत वाचायला लावल्यावर तिने मान टाकली होती. त्याने फोल्डर उघडून पाहिलं. उघडेना. मशीन बंद करून चालू केलं. उघडेना. सकाळी अकरा वाजता ताईचा आवाज या खोलीत होता. आता तीन वाजले होते आणि तो नव्हता. मधे फक्त धाकटा होता.

बाहेर येऊन तो ताईसमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं, पत्रांसकट, पेन ड्राइव्हसकट. एकही गोष्ट भाऊजींच्या गळ्यात घातली नाही.

ताईने पाटीवर एकच शब्द लिहिला. "सगळा?"

त्याने मान डोलावली. ताईने बाहीने पाटी पुसली, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

भाऊजी आले तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. त्यांनी खिशातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि धाकट्यापुढे ठेवलं. डिस्क. तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने तारीख घातलेली होती.

"कंपनीत माझं लोखंडी कपाट आहे, त्यात होती," ते म्हणाले. "तू म्हणालास जास्तीची. मला वाटलं, जास्तीची म्हणजे नक्कल. म्हटलं, हिचा आवाज सगळा एकाच खोलीत कशाला? पाचही दोर धड असतात रे, पण टांगलेले एकाच छताला असतात. घराला आग लागली, पाणी शिरलं तर? एक दुसरीकडे असावी." मग म्हणाले, "विकली नाही."

लिनक्सची पुस्तकं पाठ असलेल्या माणसाला घराबाहेर एक प्रत ठेवायचं कधी सुचलं नव्हतं. ज्याला डिस्क म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याला ते सुचलं होतं. त्याची समजूत चुकली होती, ती एकटी डिस्क म्हणजे नक्कल नव्हतीच. पण विचारात खोट नव्हती. "भाऊजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "सकाळी बोललो ते—"

"ते राहू दे. ही कामाची आहे का?"

धाकट्याने तारीख वाचली आणि ताडकन उठला. वाक्यं डब्यात भरल्यावर पाच-सहा आठवड्यांनी ती काढलेली होती. म्हणजे या डिस्कला आवाज माहीत होता, आणि अजून धड असलेल्या पहिलीलाही माहीत होता. मधल्या काळात घरचे थोडे फोटो सोडले तर डब्यात कोणी काही भरलंच नव्हतं. दोघी मिळून सांगू शकल्या तर!

कोरी डिस्क काढून तिच्या खाचेत त्याने ही बसवली, स्क्रू ताईने लावले. मशीनने आधी नकार दिला, ही डिस्क साडेपाच महिने मागे आहे म्हणालं. धाकट्याने जबरदस्तीने दोघींची जोडी लावली, आत काहीही लिहायची मशीनला बंदी घातली, आणि फोल्डर उघडलं. अलीकडचे काही फोटो फाटले होते. वाक्यं मात्र एकाखाली एक उभी होती, सोळाशे चौदा. या वेळी त्याने दुसरं काहीही न करता आधी ती पेन ड्राइव्हवर घेतली, मग लॅपटॉपवर, मग ताईच्या फोनवर. तिन्हीकडे मोजली. हात लावून.

"झालं का?" भाऊजींनी विचारलं.

"झालं बहुतेक. वाजवून बघतो."

"बघ. मी चहा टाकतो," म्हणत भाऊजी स्वयंपाकघरात गेले. ताई स्टूल ओढून धाकट्याशेजारी बसली. त्याने यादीच्या तळाची एक फाइल उघडली. लॅपटॉपचा आवाज पूर्ण मोठा होता, तो कमी करायचं त्याला सुचलं नाही.

"अहो, ऐकलंत का? जरा इकडे या बघू."

ताईच. खणखणीत, थोडी वैतागलेली, सर्दी झाल्यासारखं जरासं नाकात बोलणारी. ताईने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"हो गं, आलो आलो!" स्वयंपाकघरातून भाऊजी ओरडले. "दूध ठेवलंय, एक मिनिट!" आणि ते लगबगीने, हातात चमचा तसाच घेऊन, कोठीच्या दारात आले. "काय गं? काय हवंय?"

मग त्यांना ताईच्या गळ्यावरचा रुमाल दिसला. तिचं झाकलेलं तोंड दिसलं. ऑपरेशन, हॉस्पिटल, सात महिन्यांची पाटी, सगळं ते एका हाकेसरशी विसरून आले होते, आणि आता ते सगळं त्यांना एकदम आठवलं होतं. "मला वाटलं..." ते म्हणाले. दिवसाला चार वाक्यं बोलणारा तो माणूस दाराची चौकट धरून लहान मुलासारखा ओठ दाबत उभा राहिला.

मागे दूध उतू गेल्याचा वास सुटला. कोणी हललं नाही. धाकट्याने घाबरून फाइल बंद करायला हात पुढे केला. ताईने त्याचं मनगट धरून बाजूला सारलं, डोळे भाऊजींवरून न काढता चाचपडत ते बटण शोधलं आणि स्वतः दाबलं.

"अहो, ऐकलंत का? जरा इकडे या बघू."

भाऊजी दोन पावलांवर तर होते. ती दोन पावलं ते चालत आले.

"आलो," ते म्हणाले.