पाळीवरचा वाघ

सोमाजीने मोहाच्या खोडाला डावा हात टेकला आणि उजव्या हाताने सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. तलावाची पाळ इथून जेमतेम शंभर पावलं राहिली होती. रोज तो ती चढायचा, वर थोडा टेकायचा आणि परतायचा. आज पाऊल उचलेना. छातीवर कुणी धानाचं पोतं आणून ठेवावं तसं झालं होतं, आणि त्या ओझ्याची कळ खांद्यावरून जबड्यापर्यंत चढत होती. मार्चमधली सकाळ, हवेत अजून गारवा. तरी कपाळावरचा घाम ओघळून भुवईत अडकला.

तो खाली बसला नाही. बसलं तर उठता यायचं नाही, असं त्याला वाटलं. त्याचा थोरला भाऊ असाच बांधावर बसला होता, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. लोकांना वाटलं, विडी ओढायला बसला. भाकर घेऊन आलेल्या वहिनीने हलवलं तेव्हा तो कुशीवर कलंडला. सोमाजीने खोडाला पाठ लावली आणि झाडाखाली पडलेल्या फुलांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने पोतं हललं, मग हळूहळू उतरलं.

घरी आला तेव्हा ठमाबाई अंगणात टोपली झाडत होती. उद्यापासून तीही बायांसोबत मोहफुलं वेचायला जाणार होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. एवढ्यात कसे परत आलात, चेहरा असा पांढराफटक का पडलाय, असं तिने विचारलं.

"वाघ दिसला," सोमाजी म्हणाला. "पाळीजवळ."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. निदान तीन महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हती. तेव्हा सिंदेवाहीच्या दवाखान्यात डॉक्टरने त्याची साखर आणि रक्तदाब पाहून गोळ्या लिहून दिल्या होत्या, रोज चालायला सांगितलं होतं आणि आठवड्याच्या आत ईसीजी काढून घ्या, असं बजावलं होतं. चालणं त्याला जमलं. गोळ्या पंधरा दिवस घेतल्या, मग बरं वाटतंय म्हणून सोडल्या. ईसीजीला तो गेलाच नाही. मूल गावात मास्तरीण असलेली त्याची लेक रिना रोज फोनवर विचारायची. तिला त्याने सांगून टाकलं, काढला, चांगला निघाला. मशीनमध्ये दिसलं की ते खरं होतं. नाही पाहिलं तर ते आहे कशावरून, असा काहीसा हिशोब त्याच्या मनात होता. आता दुखलं म्हणून सांगावं, तर मागचं सगळंच उघडं पडलं असतं.

दुपारपर्यंत गावभर झालं. मागल्या वर्षी शेजारच्या गावात सरपणाला गेलेली बाई वाघाने नेली होती, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. ऐन हंगामात बायांनी टोपल्या उलट्या करून ठेवल्या. शेजारच्या मुखरूचं अर्धं घर मोहफुलांवर चालायचं; तोही संध्याकाळी येऊन ओसरीवर बसला आणि म्हणाला की जीव राहिला तर मोह पुढल्या वर्षीही पडतील. सोमाजीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक अंकुश मोटरसायकलवर आला. पोरगेलासा, पण कामाला पक्का. जयभीम घालून त्याने पाणी घेतलं आणि जागा दाखवायला चला म्हणाला. वाघाचे फोटो टिपणारे कॅमेरे तिथेच लावायचे होते. नाही म्हणायला सोमाजीला काही सुचलं नाही. मोहाच्या झाडापर्यंत गाडी गेली. पुढे चढ. अंकुश काठी आपटत पुढे निघाला आणि सोमाजी मागून. वीस-तीस पावलं झाली असतील, पोतं पुन्हा छातीवर आलं. तो उभाच राहिला. तोंड उघडं, दोन्ही हात लटकलेले.

अंकुश मागे वळला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतली भीती पाहून तो झपाझप खाली आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नोका भाऊ. मी हावो ना. तुमी इथूनच बोट दाखवा."

सोमाजीने बोट दाखवलं. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर चालणं सुटलं. आता त्याला कुणी चाला म्हणत नव्हतं. उलट अंगणाबाहेर पडला की ठमाबाई हाक मारून परत बोलवायची. रिनाने फोनवर सांगितलं, बाबा, काही दिवस घरातच राहा. सगळं कसं आपसूक जुळून आलं होतं. पण दुखणं अंगणात आलं. आधी बोअरवेलवरून घागर आणताना आलं, चार दिवसांनी आंघोळीचं पाणी उचलताना. एकदा तर नुसतं उकिडवं बसून उठताना. दर वेळी तो जिथल्या तिथे थांबायचा आणि जंगलाकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे कुणी विचारू नये. लोकांना वाटायचं, सोमाजीच्या डोळ्यांपुढून वाघ जात नाही. मुखरूने तर आपल्या नातवंडांना सांगितलं होतं की सोमाजीभाऊ असे उभे राहिले की त्यांना बोलवायचं नाही.

"कुठी दुखते का तुमाले?" ठमाबाईने दोनदा विचारलं.

"नाई," तो म्हणाला. दोन्ही वेळा.

तिने फार ताणलं नाही. पण त्याच्या ताटातला भात ती आपणहून कमी वाढू लागली आणि तो जेवत असताना समोर बसून राहू लागली. तिच्या त्या बसण्याची सोमाजीला दुखण्याइतकीच धास्ती वाटायची.

नवव्या दिवशी सकाळी अंकुश पुन्हा आला. या वेळी गाडी लावतानाच हसत होता. त्याने मुखरूला हाक मारून बोलावलं, ठमाबाईला बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. पाळीकडचा रस्ता, ओळखीचं मोहाचं झाड, आणि झाडाखालून चाललेली वाघीण. मागे दोन पिल्लं, एकाची शेपूट चित्राबाहेर गेलेली.

सोमाजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चित्र तेच होतं.

अंकुश सांगत राहिला. पिल्लांची वाघीण म्हणजे सगळ्यात वाईट. तुम्ही बोट दाखवलं तिथून दहा हातांवर सापडली. सोमाजीभाऊंनी वेळेवर सांगितलं नसतं तर बाया थेट तिच्या पुढ्यात गेल्या असत्या. वनखात्याचे साहेबही म्हणाले, असा जागरूक माणूस गावागावात पाहिजे. मुखरूने सोमाजीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. त्याची सून पहिल्याच टोळीत जाणार होती. ठमाबाईने डोळ्यांना पदर लावला.

"वाघाच्या तोंडातून आले तुमी," ती म्हणाली. "अन् मी मेली, भलतंच काई समजून बसली होती."

तिचा चेहरा मोकळा झाला होता. नऊ दिवसांत पहिल्यांदा. ती उठली, चहा मांडते म्हणाली.

सोमाजी तिच्या पाठीकडे बघत राहिला. आता सगळंच मिटलं होतं. वाघ खरा निघाला होता. तो पाळीवरून का परतला, हे यापुढे कुणी विचारणार नव्हतं. अंकुश नाही, रिना नाही, ही बाईही नाही. मरेपर्यंत कुणी विचारणार नव्हतं. थोरला भाऊ बांधावर बसला होता, तेव्हा त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

"मले वाघ दिसला नोहता," तो म्हणाला.

मुखरूच्या हाताची पकड सैल झाली. अंकुशला वाटलं, म्हाताऱ्याने नीट ऐकलं नाही. त्याने मोबाइल पुन्हा पुढे केला.

"असन जी. वाघ असन. पण त्या दिवशी मी पाह्यला नाई. त्या दिवशी माह्या छातीत दुखत होतं. मी मोहाले धरून उभा होतो." तो थांबला. पुढचं त्याने ठमाबाईकडे बघून सांगितलं. "ईसीजीबी काढला नाई. रिनाले खोटं सांगतलं."

ठमाबाई दारातच उभी होती, हातात चहाचं भांडं. तिने भांडं खाली ठेवलं.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"भेव लागला."

ती आत गेली. पैसे ठेवायच्या लाकडी पेटीचं झाकण वाजलं. तोवर सोमाजीने खुंटीवरचा सदरा काढला आणि एक एक बटण लावत अंकुशला विचारलं, मोटरसायकलवर सिंदेवाहीला सोडतोस का. अंकुशने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मोटरसायकल नको म्हणून मुखरूच्या भाच्याचा ऑटो बोलावला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली. ती पट्टी तिने दोनदा पाहिली. कधीपासून दुखतं, असं विचारलं. कालपासून, हे सोमाजीच्या जिभेवर आलंच होतं. मग त्याने सगळं सांगितलं: पाळ, घागर, आंघोळीचं पाणी, पंधरा दिवसांवर सोडलेल्या गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी मधे तोडलं नाही. एक गोळी चावायला दिली, एक जिभेखाली ठेवायला सांगितली आणि चंद्रपूरला न्यायला गाडी मागवली. काय निघालं, असं त्याने विचारलं. हृदयाला रक्त कमी पोचतंय, तिथे तपासल्यावर कळेल, असं त्या म्हणाल्या. बरं होईल, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

रुग्णवाहिकेत त्याला आडवं केलं. ठमाबाई शेजारच्या बाकावर बसली. रिनाला फोन त्यानेच लावला होता. ती परस्पर चंद्रपूरला निघाली होती. खिडकीतून सागाचे शेंडे मागे पळत होते. मूल गाव मागे पडलं आणि पुन्हा जंगल लागलं, तेव्हा गाडीला एक मोठा गचका बसला. सोमाजीने डोळे मिटून घेतले.

ठमाबाई वाकली.

"दुखते?"

गाडी चालत होती. त्याने डोळे उघडले.

"हो," तो म्हणाला. "दुखते."

तिने पुढे सरकून त्याचा हात धरला आणि समोर बसलेल्या दवाखान्याच्या माणसाला हाक मारली.